वखर, पेर, कोळप, राखण : लिनक्स बसवण्याच्या हत्यारांच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५, परभणी

जुनी स्क्रिप्ट आज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सहाशे चाळीस ओळी, एकच फाइल, नाव 'बसव'. तीन वर्षांत मीच वाढवत नेलेली, तरी अर्ध्या ओळी कशासाठी आहेत हे मलाच सांगता येईना. चालवली की सतरा प्रश्न विचारते. अकराव्या प्रश्नाला चुकीचं उत्तर गेलं तर मागे फिरता येत नाही, सगळं पहिल्यापासून.

काम अंगावर आलंय ते असं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट बंद होणार. जिल्ह्यातली चार वाचनालयं, दोन शाळांच्या लॅब आणि एक पतसंस्था मिळून ३१ संगणक आहेत. बहुतेकांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ बसत नाही, आणि नवीन घ्यायला कुणाकडे पैसा नाही. सगळ्यांवर डेबियन, म्हणजे फुकट मिळणारं एक लिनक्स, टाकून द्यायचं ठरलंय. लॅबमधले दहा सोडले तर एकासारखा दुसरा नाही. कुठे २ जीबी रॅम, कुठे ८. यंत्र सुरू करायला कुठे जुना बायोस, कुठे त्याच्या जागी आलेलं यूईएफआय. कुठे विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवंय.

आणि मे महिन्यातली ती गोष्ट. एका वाचनालयात 'बसव' चालवली, डिस्क विचारल्यावर नेहमीप्रमाणे एसडीए, म्हणजे पहिली डिस्क, लिहिलं. त्या यंत्रात दोन डिस्क होत्या आणि त्या दिवशी कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) त्यांचा क्रम उलटा लावला. एसडीए म्हणजे नऊ हजार पुस्तकांची नोंदवही असलेली डिस्क निघाली. ग्रंथपाल मॅडमनी मार्चअखेरीस काढलेली सीडी होती म्हणून वाचलो. मॅडम काही बोलल्या नाहीत, चहा मात्र त्या दिवशी आला नाही.

५ जून

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवलाय ते दिवसभर चाळलं.

डेबियनच्या इन्स्टॉलरला प्रीसीड फाइल देता येते, म्हणजे त्याच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची. कल्पना चांगली, पण डिस्कचे भाग पाडायची त्यातली 'रेसिपी' अशी आहे, की लिहिणारा आणि महिन्याने वाचणारा एकच माणूस असला तरी दोघांची ओळख पटत नाही. रेड हॅटवाल्यांची किकस्टार्ट फाइल त्यापेक्षा वाचायला सोपी. जर्मनीतल्या कोलोनच्या विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेलं, लिनक्स आपोआप बसवणारं एफएआय मला सगळ्यात आवडलं ते त्यातल्या 'क्लास'मुळे: एक यंत्र एकाच वेळी अनेक वर्गांत बसतं आणि प्रत्येक वर्ग आपापली भर घालतो. पण ते खरं नेटवर्कवर शेकडो यंत्रं असणाऱ्यांसाठी आहे. माझं नेटवर्क म्हणजे मोटारसायकलच्या डिक्कीतला एक लॅपटॉप आणि पाच पेनड्राइव्ह.

आर्च या दुसऱ्या लिनक्सची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे मेनू असलेला इन्स्टॉलर होता, तो त्यांनी २०१२ मध्ये काढूनच टाकला आणि जागी तीन छोट्या कमांड दिल्या. पॅकस्ट्रॅप दिलेल्या डिरेक्टरीत मूळ सिस्टिम भरते, जेनएफएसटॅब जोडलेल्या डिस्क बघून एफस्टॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) लिहून देते, आर्च-सीएचरूट त्या नव्या सिस्टिमच्या आत शिरवते. बाकी तुमचं तुम्ही बघा. पुढे २०२१ मध्ये आर्चइन्स्टॉल नावाचा सगळं करून देणारा प्रोग्राम त्यांच्या आयएसओमध्ये परत आलाच, पण त्या तीन कमांड अजून तशाच आहेत.

पॅकस्ट्रॅपला डिस्क म्हणजे काय हे माहीतच नाही, ही गोष्ट आज डोक्यात बसली. तिला फक्त एक डिरेक्टरी लागते. त्या डिरेक्टरीखाली एनव्हीएमई (नव्या जातीची वेगवान डिस्क) आहे, पेनड्राइव्ह आहे की एनक्रिप्ट केलेली डिस्क, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. माझ्या 'बसव'मध्ये मात्र डिस्कचं नाव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मुरलेलं आहे. म्हणूनच विंडोज ठेवायचं असलेल्या यंत्रावर ती कधी चालली नाही, आणि दर वेळी मी आत एक नवीन 'जर' (अट) घुसवत गेलो.

डेबियनकडे पॅकस्ट्रॅपच्या तोडीचं डेबूटस्ट्रॅप आहेच. म्हणजे मला नवीन काही शोधायचं नाही, फक्त तोडायचं आहे.

८ जून

मृग लागला. यंदा मे मध्येच इतका पडून गेलाय की वावरात वखर धड फिरला नाही, अण्णांची रोजची कुरकुर. त्यांच्याकडूनच नावं घेतली. चार कमांड:

वखर – डिस्क साफ करून भाग पाडणार, फाइलसिस्टिम घालणार आणि दिलेल्या डिरेक्टरीवर जोडून देणार.
पेर – त्या डिरेक्टरीत डेबियन भरणार.
कोळप – आत जाऊन नाव, भाषा, वापरकर्ते, पॅकेजं, बूटलोडर (यंत्र चालू होताच लिनक्स सुरू करणारा).
राखण – काहीही बदलणार नाही, फक्त तपासून सांगणार.

अण्णांना अभिमानाने सांगितलं तर म्हणाले, "पेरल्यापेरल्या कोळपायलास का? उगवू तर दे." बरोबर आहे. पण नाव बदलणार नाही.

भाच्याचं मत, "मामा, सगळ्याला मिळून एक कमांड द्या ना, कोण चार चार चालवणार." एक वरची कमांड देऊच, नाव 'हंगाम'. पण ती या चौघींना क्रमाने हाक मारण्यापलीकडे काहीच करणार नाही. हंगाममध्ये एकही 'जर' शिरला तर समजायचं की चुकलं.

१२ जून

वखरवर चार दिवस गेले. ही एकच कमांड मुद्दाम ताठ ठेवलीय.

एसडीए, एसडीबी ही नावं ती घेतच नाही. डिस्कची ओळख म्हणजे तिचा सीरियल क्रमांक, डेव्ह डिस्क बाय-आयडी या डिरेक्टरीत सापडतो तो. वखर आधी डिस्कची कंपनी, आकार, आतले भाग आणि त्यांची लेबलं दाखवते, मग सीरियलची शेवटची चार अक्षरं टाइप करायला लावते. 'वाय' दाबून भागत नाही, कारण वाय दाबायला बोटाला डोळ्यांची गरज लागत नाही हे मे मध्ये शिकलो. कुठलाही भाग जोडलेला असेल तर सरळ नकार. ज्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू झालंय तो तर यादीतच येत नाही.

आणि काहीही करण्याआधी एसएफडिस्क-डंप करून जुना विभागतक्ता पेनड्राइव्हवर साठवते. फाइलसिस्टिम घालायच्या आत थांबलो तर तो डंप परत एसएफडिस्कला पाजला की जुने भाग जागेवर येतात. आज जुन्या डिस्कवर तीन वेळा करून बघितलं.

प्रत्येक कमांडला '--फक्त-सांग' हा पर्याय आहे (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहायचा). काय करणार ते छापते आणि थांबते. यात एक फसवणूक असते: सांगणारा कोड वेगळा आणि करणारा वेगळा असला की महिन्याभरात दोघांची तोंडं दोन दिशांना. म्हणून दोन्हींसाठी एकच फंक्शन ठेवलंय. प्रत्येक घातक ओळ त्याच्यातूनच जाते, ते एक तर छापतं किंवा चालवतं.

१३ जून

पतसंस्थेच्या नव्या यंत्रावर वखर आपटली. "असा भाग सापडत नाही." डिस्क एनव्हीएमई. मी डिस्कच्या नावापुढे नुसता १ जोडत होतो. डिस्कचं नाव अंकाने संपत असेल तर मध्ये 'पी' येतो, एनव्हीएमई० एन१ पी१, एसडी कार्डालाही तसंच. हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. तरी लिहिताना हात जुन्याच वळणाने गेला.

पी जोडणारी ओळ लिहिली आणि लगेच खोडली. नाव आपण बनवायचंच कशाला? भाग पाडून झाले की यूडेव्हला, म्हणजे डिस्कना नावं देणाऱ्या सेवेला, जरा सावरू द्यायचं (यूडेव्हएडीएम सेटल), मग डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेला विचारायचं, या डिस्कचे भाग कोणते. जे सांगेल ते घ्यायचं.

१९ जून

चिठ्ठीचा आराखडा ठरला. प्रत्येक यंत्राची एक चिठ्ठी, साधी मजकूर फाइल, एका ओळीत एक किल्ली आणि तिची किंमत. एफएआयकडून उसने घेतलेले वर्ग: वाचनालय, लॅब, कार्यालय, शिवाय 'जुनं' (२ जीबी किंवा कमी), 'शेजारी' (विंडोज ठेवायचं). आधी वर्गांची मूलभूत मूल्यं, त्यांच्यावर चिठ्ठी, तिच्यावर कमांडसोबत दिलेले पर्याय. नंतरचं आधीच्याला झाकतं. 'राखण चिठ्ठी' म्हटलं की प्रत्येक मूल्य कुठून आलं तेही दिसतं. हे शेवटचं भाच्याने सुचवलं. मला फालतू वाटलं होतं, पण दोन दिवसांत सगळ्यात जास्त मीच ते वापरलं.

चिठ्ठी शेलमध्ये 'सोर्स' करायची सोपी वाट टाळली. तसं केलं की चिठ्ठीतली कुठलीही ओळ रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालू शकते, आणि या चिठ्ठ्या व्हॉट्सॲपवर फिरणार आहेत. ओळ ओळ वाचतो, ओळखीची किल्ली नसेल तर त्या ओळीचा क्रमांक सांगून थांबतो. ओळखीची नसलेली किल्ली गुपचूप सोडून देणारी हत्यारं मला आवडत नाहीत. माणसाने 'भाशा' लिहिलेलं असतं आणि तो इंग्रजी पडद्याकडे बघत बसतो.

किल्ल्या आणि संदेश रोमन अक्षरांत. मराठीत करायची फार इच्छा होती. पण लिनक्सच्या उघड्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात, आणि मात्रा-जोडाक्षरं जुळवायची सोय तिथे नाही. डेबियनचा इन्स्टॉलरही मराठी बोलतो तो फक्त ग्राफिकल रूपात. म्हणून संदेश मराठीच, पण रोमन लिपीत: 'डिस्क सापडली नाही' वगैरे. मोबाइलवर सगळी दुनिया असंच लिहिते, कुणाला अडलं नाही.

६ जुलै, आषाढी

उपास. काम नाही. गंगाखेडहून ताईचा फोन, भाच्याला सुट्टीभर माझ्याकडेच ठेवून घे म्हणते.

११ जुलै, जिंतूर तालुका

लॅबचे दहा संगणक करायला गेलो. दुपारी सव्वादोनला लाईट गेली, सहा यंत्रं अर्ध्यात.

याची तयारी मी केली होती असं मला वाटत होतं. प्रत्येक टप्पा संपला की लक्ष्य डिस्कवर एक खूण-फाइल तयार व्हायची, 'पेर झाली'. लाईट साडेचारला आली. चार यंत्रांवर खूण नव्हती, ती पहिल्यापासून केली. दोनांवर खूण होती, म्हणून हंगामने पेर वगळून थेट कोळप चालवली. ती भलत्याच ठिकाणी मेली. बघतो तर लायब्ररीच्या फायली आहेत, पण आत शून्य बाइट. खूण डिस्कवर पोचली होती आणि तिच्या आधी लिहिलेला माल अजून मेमरीतच होता. लाईट गेली, माल गेला, खूण राहिली.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून बदललं. खूण-फाइल बंद. कोळप आता काय झालंय ते कुणाला विचारत नाही, स्वतः बघते. डेबूटस्ट्रॅप काम करताना लक्ष्यात 'डेबूटस्ट्रॅप' नावाचीच एक डिरेक्टरी ठेवतं आणि नीट संपलं तरच ती काढतं. ती दिसली म्हणजे पेर अर्धी. नाही दिसली तर आत डीपीकेजी-व्हेरिफाय चालवून फायलींचे चेकसम जुळवायचे. शिवाय पेरच्या शेवटी 'सिंक' (मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहायला लावणारी कमांड) आता न चुकता. अर्धी पेर दुरुस्त करत बसायचं नाही, पुसून पुन्हा करायची; पॅकेजं लॅपटॉपवर असतात, त्यामुळे परत उतरवावी लागत नाहीत.

त्यासाठी लॅपटॉपवर पॅकेजं साठवून ठेवणारं ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलंय, ३१४२ पोर्टवर. पहिलं यंत्र इंटरनेटवरून घेतं, पुढची नऊ लॅपटॉपवरून. मिररचा (पॅकेजं पुरवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता एचटीटीपी ठेवावा लागतो, एचटीटीपीएसमधला माल मधला माणूस साठवू शकत नाही. माल बदलला असेल तर सही जुळणार नाही, त्यामुळे साध्या एचटीटीपीची भीती नाही. जिथे मोबाइलचीही रेंज नाही तिथल्यासाठी डेबूटस्ट्रॅपचं मेक-टारबॉल: सगळी पॅकेजं एका फाइलमध्ये बांधून न्यायची आणि तिकडे अनपॅक-टारबॉल. त्या फाइलचा पत्ता रूटपासून पूर्ण द्यावा लागतो, नाहीतर ते रुसतं.

हेडसरांनी खिचडी खाऊ घातली. परत येताना येलदरीपर्यंत पाऊस.

१२ जुलै

लॅबमधल्या एका यंत्राने सगळी पॅकेजं नाकारली: रिलीज फाइल 'अजून वैध नाही'. घड्याळ २०१२ सालात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला, बाजारात तीस-चाळीस रुपयांत मिळतो. राखण आता सगळ्यात आधी घड्याळ बघते: हत्यार ज्या दिवशी बांधलं त्याच्या आधीची तारीख दिसली की थांब, आणि संदेशातच लिहिलंय, सेल बदला. जुन्या यंत्रांत ही अडचण इतक्यांदा येते की डिक्कीत आता दहा सेलची पट्टी असते.

२० जुलै

दोन किडे, दोन्ही लाजिरवाणे, म्हणून लिहून ठेवतो.

पहिला. पॅकेजांची यादी 'व्हाइल रीड'ने एकेक ओळ वाचून सीएचरूटमध्ये बसवत होतो. पहिलं पॅकेज बसायचं आणि काम संपलं म्हणून बाहेर. चूक नाही, तक्रार नाही, निकालाचा क्रमांक शून्य, म्हणजे बरं. आत चालणारी कमांड त्याच स्टँडर्ड इनपुटमधून उरलेली यादी गिळत होती. भाच्याने पाऊण तास डोकं लावून शोधलं, आणि मला सांगताना चेहरा असा, जसं विहिरीला पाणी लागलंय. आता आतल्या प्रत्येक कमांडला इनपुट म्हणून डेव्ह-नल, आणि यादी एकगठ्ठा द्यायची.

दुसरा. मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) बनेना. लोकेल.जेन फाइलमध्ये 'एमआर_आयएन.यूटीएफ-८' ही ओळ शोधून तिच्या आधीचं # चिन्ह काढून ती चालू करणारी सेड कमांड होती, इंग्रजीच्या ओळीवरून उचललेली. मराठीची ओळ तशी नाहीच. अमेरिकन इंग्रजीला नावापुढे टिंब देऊन यूटीएफ-८ लावावं लागतं, कारण तिला जुनी संकेतनंही आहेत. मराठी ग्लिबसीत (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत) आली तीच यूटीएफ-८ घेऊन, म्हणून नुसतं एमआर_आयएन, मग जागा सोडून यूटीएफ-८. हिंदी आणि भारतीय इंग्रजीचंही तसंच. सेडला ओळ सापडली नाही तर ती काही न बोलता शून्य परत करते, म्हणजे सगळं ठीक. म्हणून आता प्रत्येक बदलानंतर बदल झाला का ते ग्रेपने बघतो.

कीबोर्डवर वाद झाला. मॅडमना इनस्क्रिप्ट हवा. पतसंस्थेतल्या क्लार्कचा हात टंकलेखनाच्या परीक्षेपासून रेमिंग्टनवर बसलाय. पोरांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी. चिठ्ठीत एक किल्ली वाढली. रेमिंग्टनसाठी एम१७एन या कीबोर्ड-मांडण्यांच्या संचातल्या हिंदी मांडणीवर सध्या भागवलंय.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताई आली, राखी झाली, आणि आजच डेबियन १३ 'ट्रिक्सी' आलं. जेवण होईपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही अशी ताईची अट.

तेरा यंत्रांवर १२ बसलंय. उरलेल्यांवर १३ टाकायचं का? 'बसव' असती तर प्रश्नच नव्हता, तिच्यात बुकवर्म (डेबियन १२) हे नाव एकवीस ठिकाणी होतं. पेरमध्ये ते एकाच ठिकाणी आहे, वर्गाच्या मूलभूत मूल्यांत. बदललं, जुन्या थिंकपॅडवर हंगाम चालवली, चोवीस मिनिटांत डेस्कटॉप. मला स्वतःला खरं वाटेना.

१० ऑगस्ट

खरं वाटू नये हेच बरोबर होतं. १३ च्या सूचना वाचल्यावर तीन गोष्टी निघाल्या.

३२ बिटची यंत्रं संपली. १३ मध्ये आय३८६ साठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. माझ्याकडे अशी तीन आहेत, ती १२ वरच. म्हणजे 'आवृत्ती' ही वर्गाची गोष्ट नाही, यंत्राच्या प्रोसेसरवरून ठरणारी आहे. इथे मी चिठ्ठीतली किल्ली वाढवणार होतो, पण भरणाऱ्याला कुठून कळणार ३२ की ६४? राखणच प्रोसेसर बघते आणि १३ जमत नसेल तर तसं सांगते.

टेंप डिरेक्टरी आता मेमरीत, अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकते. २ जीबीच्या यंत्रावर मोठी पीडीएफ छापायला दिली की जीव जाणार. 'जुनं' वर्गात टेंप.माउंट मास्क केलं, म्हणजे टेंप मेमरीत जाणं बंदच केलं.

तिसरी नवीन नाही, १२ पासूनचीच: वायफायचं फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात आहे. डेबूटस्ट्रॅप आपणहून फक्त 'मेन' घेतं. सांगितलं नाही तर यंत्र सुरू होतं पण वायफाय दिसत नाही, आणि फर्मवेअर आणायला वायफायच लागतं.

एका टॅबलेटसारख्या ॲटम यंत्राने वेगळीच गंमत केली. प्रोसेसर ६४ बिटचा, यूईएफआय ३२ बिटचं. सिस फर्मवेअर ईएफआयमधली 'एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ' ही फाइल वाचली की ३२ की ६४ कळतं, मग ग्रब हा बूटलोडरही त्या जातीचा बसवायचा. ही फाइल आहे हे माहीत असणं आणि नसणं यात माझा एक रविवार होता.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांना सजवण्यात सकाळ गेली. दुपारी एका शाळेतल्या सरांची चिठ्ठी आली, यंत्राचं नाव अवैध म्हणून कोळप थांबली. नाव 'लॅब-०४', त्यात वाईट काय? हेक्समध्ये उघडल्यावर दिसलं: चिठ्ठी विंडोजच्या नोटपॅडमध्ये भरलेली, प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न. चिठ्ठी वाचतानाच तो आता गाळतो. सरांना काहीच सांगितलं नाही. चूक त्यांची नाही.

५ सप्टेंबर

पतसंस्थेचा व्यवस्थापक म्हणाला, "दादा, एक यंत्र करा आणि त्याचीच कॉपी बाकीच्यांवर मारा की." करता येतं, क्लोनझिला आहे. पण कॉपी केली की मशीन-आयडी सगळ्यांचा एकच होतो, एसएसएच किल्ल्या एकच. सिस्टिमडी-नेटवर्कडी वापरलं तर त्या आयडीवरूनच नेटवर्कवरचा पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीला ओळख सांगितली जाते, आणि दोन यंत्रं एका पत्त्यावर भांडतात. गेल्या वर्षी एका लॅबमध्ये हे मी स्वतः करून तीन दिवस केबल बदलत बसलो होतो. त्यांना इतकं सांगितलं नाही, म्हटलं वेळ तेवढाच लागतो. खोटंही नाही.

विंडोज ठेवायची चार यंत्रं इथे होती. वखर तिथे चालवलीच नाही. जीपार्टेडने हाताने जागा काढली, नवीन भाग जोडला, आणि पेरला ती डिरेक्टरी दिली. पेरला फरकच कळला नाही. जून महिन्यात ज्यासाठी सगळं तोडलं होतं ते आज पहिल्यांदा कामाला आलं, आणि करताना इतकं साधं वाटलं की भाच्याला दाखवायचंही विसरलो.

२८ सप्टेंबर

आठ दिवस पाऊस. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदावरी भरून वाहतेय, गंगाखेडकडे जायचं नाव नाही. सोयाबीन पाण्यात. अण्णा कुणाशी बोलत नाहीत.

भाचा तिकडेच अडकलाय, ताईच्या घरी. त्याच्याकडे पेनड्राइव्ह आहे आणि गावातल्या वाचनालयाची पाच यंत्रं. काल म्हणाला, करून बघू का. बघ म्हटलं. घरात बसून पाऊस मोजण्यापेक्षा बरं.

चार यंत्रं माझ्याशिवाय झाली. पाचव्याला दुपारी फोन आला. आवाज तुटत होता.

"मामा, पेर झाली. कोळप थांबली. तीन नंबर परत दिला."

तीन म्हणजे 'माणूस हवा'. शून्य बरं, एक बिघाड, दोन चुकीचे पर्याय, तीन म्हणजे हत्याराला ठरवता येत नाही. संदेश काय आहे विचारलं.

"लिहिलंय की यूईएफआयने बूटची नोंद घ्यायला नकार दिला. आणि खाली लिहिलंय, काढता येण्याजोग्या जागी ग्रब बसवून बघा, मग कोळप 'बूटनंतर'पासून चालवा."

ती ओळ मी जुलैत लिहिली होती, आठवतही नव्हती. काही जुनी यूईएफआय नवीन नोंद साठवत नाहीत. पण ईएफआय बूट या ठरलेल्या डिरेक्टरीत ठरलेल्या नावाची फाइल असली तर ती निमूट उचलतात. ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' पर्याय दिला की फाइल तिथेच जाते.

"मग केलंस का?"

"केलं. सीएचरूटमध्ये जाऊन हातानं केलं. मग बूटनंतरपासून चालवली. सुरू झालं."

"मग फोन कशाला केलास रे?"

"ते आपोआप कामून करत नाही ते विचारायला."

विचार केला. आपोआप करता येईल. पण विंडोज शेजारी असलेल्या यंत्रात त्या जागेवर आधीच दुसऱ्या कुणाची फाइल असू शकते, आणि ती गपचूप झाकायची नाही. राखणने ती जागा रिकामी आहे का बघावं, रिकामी असेल तर कोळपने करावं, भरलेली असेल तर तीन. त्याला म्हटलं तूच लिही. रेंज गेली.

उरलेलं: पतसंस्थेचे दोन प्रिंटर. ३२ बिटच्या तीन यंत्रांचं पुढे काय करायचं ते मॅडमशी बोलायचं. सेलची पट्टी संपली, आणायची.